मॅडम, सध्या काय वाचताय? मंगा आणि ॲनिमेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत विश्रामबागला चित्रकलेचे वर्ग घेते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं, त्यांचे आईवडील, कधी आज्या, शिवाय वाचनालयात भेटणारी ओळखीची माणसं मला मंगा (जपानी चित्रकथा) आणि ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) यांविषयी तेच तेच प्रश्न विचारतात. वर्ग सुटल्यावर जिन्यात उभं राहून त्यांची नीट उत्तरं देता येत नाहीत, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत.

सध्या काय वाचताय, काय बघताय?

वाचतेय चिका उमिनो यांचा ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’. २००७ पासून तो क्रमशः येतो आहे. रेई किरियामा हा सतरा वर्षांचा मुलगा व्यावसायिक शोगी खेळून पोट भरतो. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. पट नऊ बाय नऊचा, दोन्हीकडे वीस-वीस सोंगट्या, आणि प्रतिस्पर्ध्याची मारलेली सोंगटी पुढे आपली म्हणून पटावर कुठेही उतरवता येते. त्यामुळे डाव शेवटाकडे जाताना मोकळा होत नाही, आणखी गुंतत जातो. रेईचे आईवडील आणि बहीण अपघातात गेलेत. तो एकटा राहतो आणि नदीपलीकडच्या तीन बहिणींच्या घरी जेवायला जातो. त्यांच्या आजोबांचं मिठाईचं दुकान आहे.

उमिनो डाव दाखवतात तेव्हा चाली कमी आणि समोरचा माणूस जास्त दाखवतात. साठी उलटलेला एक खेळाडू आहे, यानागिहारा. त्याच्याबरोबरीचे सगळे एकेक करून निवृत्त झालेत आणि जाताना ‘आता तूच खेळ’ म्हणून आपापली आशा त्याच्या गळ्यात टाकून गेलेत. त्या आशा कापडी पट्ट्यांच्या रूपात त्याच्या अंगाला गुंडाळलेल्या दिसतात. त्या पट्ट्या त्याला आवळतातही आणि उभाही ठेवतात. ते पान मी कितीतरी वेळ पुढे उलटलंच नाही.

बघतेय ‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’. हारुको कुमोता यांच्या दहा खंडांच्या मंगावरचा हा ॲनिमे २०१६ आणि २०१७ अशा दोन हंगामांत आला. राकुगो ही जपानी कथाकथनाची कला आहे. एकच माणूस उशीवर बसतो, हातात पंखा आणि रुमाल, आणि नुसती मान इकडून तिकडे वळवून दोन-तीन पात्रं उभी करतो. तुरुंगातून सुटलेला एक तरुण थेट एका बुजुर्ग कलावंताच्या दारात जाऊन ‘शिष्य करून घ्या’ म्हणतो, तिथून गोष्ट सुरू होते. पहिल्याच भागात त्याचा राकुगोचा प्रयोग बराच वेळ सलग दाखवलाय. घाम, घसा, प्रेक्षकांचं हसणं, सगळं.

या दोन्ही गोष्टींतून मला मंगा का आवडतो ते कळेल. एखादं काम माणूस वर्षानुवर्षं कसं शिकतो, त्यात कसा झिजतो आणि तरी का टिकून राहतो, हे इतक्या सबुरीनं सांगणारं कथावाङ्मय मला दुसरीकडे फार थोडं भेटलंय.

मंगा म्हणजे काय आणि ॲनिमे म्हणजे काय?

मंगा म्हणजे छापील जपानी चित्रकथा, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. पुष्कळ ॲनिमे आधीच्या मंगावरून निघतात, पण सगळे नाही.

हे सगळं लहान मुलांसाठीच ना?

पालकांचा हा पहिला प्रश्न असतो. उत्तरासाठी लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीपर्यंत जाऊ. तिथून ‘किर्लोस्कर’ १९२० मध्ये सुरू झालं, ‘स्त्री’ १९३० मध्ये आणि ‘मनोहर’ १९३४ मध्ये. छापखाना एक, पण बायकांसाठी वेगळं मासिक, तरुणांसाठी वेगळं. आपला वाचक कोण हे आधी ठरवायचं आणि मग अंक काढायचा. जपानमध्ये मंगाची साप्ताहिकं आणि मासिकं अशीच निघतात. शोनेन मुलग्यांसाठी, शोजो मुलींसाठी, सेनेन मोठ्या पुरुषांसाठी, जोसेई मोठ्या बायकांसाठी. ‘डोरेमॉन’सुद्धा १९६९ च्या अखेरीस सुरू झाला तो शाळकरी मुलांच्या इयत्तावार मासिकांत, आणि फुजिको एफ. फुजिओ प्रत्येक मासिकासाठी त्या त्या वयाच्या मुलांना समजेल अशी वेगळी गोष्ट काढत.

वाचक सगळ्या वयाचे असल्यामुळे हा व्यवसाय केवढा मोठा झाला पाहा. १९९४ च्या अखेरीस ‘वीकली शोनेन जम्प’च्या एका अंकाच्या ६५ लाख ३० हजार प्रती निघाल्या होत्या.

मोठ्यांच्या मंगात इतिहास आहे, युद्ध आहे, कचेरी आहे, स्वयंपाक आहे, म्हातारपण आहे. केइजी नाकाझावा स्वतः हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचले होते. १९७३ पासून त्यांनी तो अनुभव ‘बेअरफूट गेन’मध्ये काढला. ते पुस्तक हातात घेतल्यावर कुणी याला पोरखेळ म्हणेल असं मला वाटत नाही.

उजवीकडून का वाचायचं? आणि रंग का नसतात?

जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, चौकटीही उजवीकडून डावीकडे जातात. इंग्रजी आवृत्त्यांमध्ये पूर्वी पानं आरशात पाहिल्यासारखी उलटी छापत. त्यामुळे उजव्या हातात तलवार धरणारा माणूस डावखुरा व्हायचा. आता बहुतेक आवृत्त्या मूळ दिशेनंच येतात. पहिलं प्रकरण अडखळत जातं, दुसऱ्यापासून डोळा सरावतो.

रंगांचं कारण वेळ आणि पैसा. साप्ताहिकात एका चित्रकाराला मदतनिसांना घेऊन दर आठवड्याला अठरा-वीस पानं द्यावी लागतात, आणि अंक स्वस्तातल्या जाडसर कागदावर छापला जातो. रंग परवडतच नाहीत. पण या अडचणीतून जी रेषा तयार झाली तिच्यासाठी मी मंगा वाचते. सगळा प्रकाश, सगळं वजन, सगळा वेग काळ्या शाईतून आणायचा. कोरी जागा कुठे सोडायची हे ज्याला कळलं तो मोठा चित्रकार. माझ्या मुलांना मी रंगपेटी बंद करून महिनाभर नुसती शाई वापरायला लावते, ते यासाठीच.

सुरुवात कुठून करू?

हे समोरच्याला कशात रस आहे त्यावर ठरतं. तरी सांगलीकडच्या माणसाला मी काय सुचवते ते सांगते.

घरात कुणी बुद्धिबळ खेळत असेल तर वर सांगितलेला शोगीचा मंगा. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून या गावात पटाची गोडी लावली. इथल्या कितीतरी घरांत कपाटावर लाकडी पट असतो आणि सुट्टीत स्पर्धेला जाणारं एखादं पोर असतं. हरल्यावर घरी परतताना त्या पोराच्या मनात काय चालतं, ते या मंगात सापडेल. त्यावरच्या ॲनिमेच्या दुसऱ्या हंगामात मधल्या बहिणीचा, हिनाताचा, शाळेत होणारा छळ येतो. शिक्षकांनी तेवढे भाग तरी पाहावेत.

नाटकवाल्यांना ‘राकुगो शिंजू’. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये याच गावात ‘सीता स्वयंवर’ रंगवलं आणि सांगली नाट्यपंढरी झाली. प्रेक्षक कमी होत असताना कला कुणाच्या हाती द्यायची, की आपल्याबरोबरच संपवायची, हा राकुगोमधल्या बुजुर्गापुढचा पेच आहे. भावे नाट्यमंदिरात ज्यांनी वर्षानुवर्षं तालमी केल्यात त्यांना तो लगेच उमजतो.

कुस्तीच्या आखाड्यात वाढलेल्यांना ‘हिनोमारू झुमो’. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणलं, त्या भागातल्या मुलांना सुमो परका वाटत नाही. नायक उंचीनं इतका कमी आहे की व्यावसायिक सुमोच्या अटीतच बसत नाही, आणि त्याला व्हायचं आहे सर्वांत वरचा, योकोझुना. २८ खंडांत संपतो. लढतींची चित्रं दणकट आहेत. पायाची बोटं मातीत कशी रुततात, हेसुद्धा त्यात दिसतं.

शेतकरी घरातल्या मुलांना मात्र मी दुसरं काही सुचवतच नाही. त्यांना ‘सिल्व्हर स्पून’. हिरोमु अराकावा होक्काइदोतल्या दूधउत्पादक घरात वाढल्या आणि चित्रकार होण्याआधी सात वर्षं घरच्या शेतीवर राबल्या. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’नं त्यांना नाव मिळालं, पण मला विचाराल तर त्यांचं खरं बळ इथे दिसतं. युगो हाचिकेन हा शहरातला हुशार मुलगा अभ्यासाच्या दडपणातून सुटायला लांबच्या कृषी शाळेत दाखल होतो. तिथे तो एका अशक्त डुकराच्या पिलाला जीव लावतो. ते मोठं झालं की कत्तलीला जाणार, हे त्याला पहिल्यापासून सांगितलेलं असतं. मग काय करायचं? अराकावा त्याला पळवाट देत नाहीत आणि कुणाला दुष्टही ठरवत नाहीत. पुढे एका मित्राचा गोठा कर्जात बुडतो आणि त्याला शाळा सोडावी लागते. गाई गाडीत चढवून नेल्या जातात. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलीनं ते प्रकरण वाचून मला विचारलं होतं, ‘मॅडम, हे आपल्याकडचं यांना कसं माहीत?’ १५ खंड आहेत. ॲनिमे २०१३-१४ चा, २२ भागांचा आहे. पण मित्राच्या गोठ्यानंतरचं पुष्कळसं फक्त पुस्तकात मिळेल, म्हणून शेवटपर्यंत जायचं तर मंगाच वाचावा.

शेतीच्याच ओघात ‘विनलँड सागा’. माकोतो युकिमुरा यांनी तो २००५ ते २०२५ असा वीस वर्षं काढला. सुरुवातीला तो सूडाची गोष्ट आहे. ॲनिमेच्या दुसऱ्या हंगामात तोच खुनशी मुलगा गुलाम म्हणून जंगल तोडून, मुळं उपटून गव्हाचं शेत तयार करतो. मारामारी बघायला आलेली मुलं इथे कंटाळतात. मी त्यांना थांबा म्हणते, कारण सगळ्या गोष्टीचा कणा हाच भाग आहे.

आमच्या आईबाबांना काय दाखवू?

त्यांनी ॲनिमे आधीच पाहिलाय, हे त्यांना सांगा. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारा मोगली हा १९८९ चा जपानी ॲनिमे होता. हिंदीतलं शीर्षकगीत तेवढं आपल्याकडचं, गुलजार यांनी लिहिलेलं.

आजी-आजोबांना ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी भारत-जपान मिळून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो केला. जानेवारी २०२५ मध्ये तो इथल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला तेव्हा तीन पिढ्या एका रांगेत बसलेल्या मी पाहिल्या. समुद्रावर सेतू बांधण्याचा प्रसंग मोठ्या पडद्यावर भारावून टाकतो.

शिक्षक असतील तर ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादामुळे हे पुस्तक आपल्याकडे घराघरांत आहे. त्यावरचा ॲनिमे चित्रपट डिसेंबर २०२३ मध्ये जपानात आला. रेल्वेच्या डब्यांची शाळा रंगांत कशी दिसते ते पाहाच. युद्ध जवळ येतं तसे त्यातले रंग उतरत जातात.

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ मात्र रात्री जेवणानंतर सहज म्हणून लावू नका. १९८८ चा, इसाओ ताकाहाता यांचा. बॉम्बहल्ल्यानंतर कोबेत उघड्यावर पडलेले भाऊ-बहीण, एवढीच गोष्ट. तो पाहिल्यावर घरातलं कुणी तासभर बोलत नाही.

‘वेदरिंग विथ यू’ तुम्हाला का आवडला नाही? सगळ्यांना आवडतो.

दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांच्याइतकं पाणी कुणीच रंगवत नाही. काचेवरचा ओघळ, डांबरी रस्त्यावरचा थेंब, ढगातून उतरणारं ऊन, हे सगळं मी मुलांना अभ्यासाला दाखवते. पण हा चित्रपट भारतात ऑक्टोबर २०१९ मध्ये आला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णा आपल्या घरांत शिरली होती. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. चित्रपटात पाऊस थांबतच नाही आणि टोकियोचा मोठा भाग पाण्याखाली जातो. दोन मुलांच्या प्रेमापुढे ते स्वीकारलं जातं, लोक नावांतून कामाला जाऊ लागतात. (शेवट सांगितला, पण त्याशिवाय उत्तर देता येत नाही.) पूर ओसरल्यावर घरात काय उरतं, तो चिखल, फुगलेले दरवाजे, लगदा झालेली पुस्तकं, यातलं काहीच त्यात नाही. बुडालेलं शहर इतकं सुंदर दिसावं हे मला पटत नाही.

त्यांचाच २०२२ चा ‘सुझुमे’ मला फार मोलाचा वाटतो. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत आई गमावलेली मुलगी ओसाड पडलेल्या जागांची दारं बंद करत जाते, आणि प्रत्येक ठिकाणी कधीकाळी तिथे राहणाऱ्या माणसांचे रोजचे आवाज ऐकते. ‘येतो गं’, ‘सांभाळून जा’ असे. गमावलेल्या जागेशी कसं वागावं हे त्यात आहे.

कुठल्या वयाला काय द्यावं?

पाचवी-सहावीपर्यंत ‘डोरेमॉन’ आणि दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’ हा चित्रपट. सातवीपासून ‘हायक्यू’, खेळणाऱ्या मुलामुलींना तर आवर्जून. ‘डीमन स्लेयर’मध्ये मुंडकी उडतात, ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये माणसं खाल्ली जातात, ‘डेथ नोट’मध्ये नायकच खून करत सुटतो. ही तिन्ही वाईट नाहीत, पण वर्गातल्या मित्रानं पाहिलं म्हणून सहावीच्या मुलाला द्यायची नाहीत. ‘अ सायलेंट व्हॉइस’ आठवी-नववीला द्या आणि शेजारी बसून पाहा. त्यात बहिऱ्या मुलीचा छळ आहे, आत्महत्येचा विचार आहे. तो पाहिल्यावर मुलं बोलायला लागतात आणि तेव्हा ऐकायला घरात कुणीतरी हवं.

मूळ जपानी आवाज की हिंदी डब?

वाचायचा वेग असेल तर जपानी आवाज आणि खाली उपशीर्षकं. आजीबरोबर पाहायचं असेल तर हिंदी. राकुगोचा ॲनिमे मात्र जपानीतच पाहा, त्यात आवाज हाच अभिनय आहे.

‘वन पीस’ सुरू करू का?

इइचिरो ओदा १९९७ पासून काढतायत, शंभराच्या वर खंड झालेत, ॲनिमेचे हजाराच्या वर भाग. दहावीचं वर्ष असेल तर नको. एरवी मंगा वाचा, ॲनिमे नको. ॲनिमे मंगाच्या फार जवळ पोचला की एक प्रकरण ताणून पूर्ण भाग भरतो आणि गोष्टीची गती मरते. अरलाँग पार्क या सुरुवातीच्या कथानकापर्यंत वाचून मन लागलं नाही तर सोडून द्या.

सांगलीत मिळतं कुठे? आणि फुकटच्या साइटवर वाचलं तर काय बिघडलं?

गाजलेल्या मालिकांचे इंग्रजी खंड दुकानात सांगून मागवता येतात, ऑनलाइनही येतात. एक खंड साधारण चारशे ते सहाशे रुपयांच्या घरात. मंगाकार ओसामू तेझुकांचा आठ खंडांचा ‘बुद्ध’ भारतीय आवृत्तीत निघालाय. वाचनालयाला मागणीपत्र द्या. चार जणांनी दिलं तर विचार होतो.

खिशाला झेपत नसेल तरी चोरीच्या साइटवर जायची गरज नाही. शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या ‘मंगा प्लस’ ॲपवर चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट असतात. ‘म्यूज इंडिया’च्या यूट्यूब वाहिनीवर पूर्ण ॲनिमे अधिकृतपणे पाहता येतात. मियाझाकी आणि ताकाहाता यांचे बहुतेक चित्रपट नेटफ्लिक्सवर आहेत, तेही एका घरात असलं की मित्रमंडळी मिळून बघता येतात.

बिघडतं काय, तर चित्रकाराला काही मिळत नाही. आठवड्याला वीस पानं काढणाऱ्या माणसाची पाठ आणि मनगट लवकर जातं. ॲनिमेच्या स्टुडिओत खालच्या पायरीवर काम करणाऱ्यांना मिळणारं मानधन तर अगदीच तुटपुंजं असतं. तुम्हाला स्वतःला चित्रकार व्हायचंय ना? मग दुसऱ्या चित्रकाराची मजुरी बुडवून सुरुवात करू नका.

ॲनिमे स्टाइल शिकवाल का?

शिकवते, पण डोळ्यांपासून सुरू करत नाही. बहुतेक मुलं मोठाले डोळे आणि टोकदार केस वहीभर उतरवून आणतात. चेहरा छान असतो आणि मानेखाली शरीर नसतं.

एलिमेंटरीला तुम्ही स्मरणचित्र करता. मंगासाठी याहून चांगला रियाज मला माहीत नाही. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात तिथे अर्धा तास उभे राहा. पोतं पाठीवर घेताना हमालाचा गुडघा कुठे वाकतो, मान कशी पुढे येते, पोतं टाकल्यावर खांदा कसा वर उठतो, ते डोळ्यांत साठवा आणि घरी येऊन काढा. अराकावांची माणसं भक्कम उभी राहतात, कारण ओझं उचललेलं शरीर कसं दिसतं हे त्यांना आतून माहीत आहे.

नंतर निब. मंगावाले दौतीत बुडवायची निब वापरतात. दाबली की रेषा जाड, उचलली की केसासारखी बारीक. ‘व्हॅगाबाँड’मध्ये ताकेहिको इनोउए यांनी पुढे निब ठेवून ब्रश घेतला आणि गवत, पाऊस, तलवार सगळंच सैल आणि जिवंत झालं.

शेवटी चार पानांची गोष्ट, एकही शब्द न वापरता. विषय साधा द्यायचा, उदाहरणार्थ स्टँडवर मिरजेची बस चुकली. कुठली चौकट मोठी, कुठली चिंचोळी, आणि पान उलटल्यावर काय दिसणार, हे ठरवताना मुलांचा खरा कस लागतो. ज्यांना हे जमतं त्यांना डोळे कसे काढायचे हे शिकवावं लागत नाही.

तुमच्याकडचे खंड उसने मिळतील का?

मिळतील. एका वेळी एक, क्रमानं, आणि तो परत आला की पुढचा. जेवताना वाचायचा नाही, पान दुमडायचं नाही. ‘सिल्व्हर स्पून’साठी नावं लावलेली आहेत, वहीत बघून आपलं नाव लिहा. ‘व्हॅगाबाँड’ मात्र बाहेर जात नाही, त्यातली ब्रशची पानं वर्गात सारखी लागतात. तो इथेच बसून पाहायचा. शनिवारी दुपारी चारनंतर वर्ग रिकामा असतो.